अब्दुल करीमखाँ

(११ नोव्हेंबर १८७२ – २७ ऑक्टोबर १९३७). हिंदुस्थानी संगीतातील एक श्रेष्ठ ख्यालगायक व किराणा घराण्याचे आद्य प्रवर्तक. जन्म उत्तर प्रदेशातील किराणा (कैराना, सध्याचा शामली जिल्हा) या गावी. त्यांच्या कर्तृत्वाचा जवळजवळ सर्व काळ मात्र जन्मभूमीपासून दूर, बडोदा, मुंबई, बेळगाव, पुणे आणि विशेषतः मिरज (सांगली जिल्हा) येथे गेला. किराणा हे नाव आज ज्या गायकीचे बोधक आहे, ती गायकी आकारास आली कृष्णाकाठच्या प्रदेशात. स्थलांतरित कलावंताच्या प्रतिभेला नव्या भूमीत कोणते पोषण मिळू शकते व त्या भूमीला त्याच्याकडून काय लाभते, याचे अब्दुल करीमखाँ हे उद्‌बोधक उदाहरण होय.

घराणे व पूर्वायुष्य : किराण्यातील हे कुटुंब बीन व सारंगी या वाद्यांची परंपरा सांगणारे होते. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडे अब्दुल करीमखाँ यांचे आरंभीचे शिक्षण झाले. गायनाबरोबरच सारंगी, बीन, सतार आणि तबला ही वाद्येही त्यांनी हाताळली. बीनकार बंदे अलीखाँ यांच्या आलापीचा या घराण्यावर मोठा प्रभाव होता. बीन व सारंगी या दोन्ही वाद्यांत स्वरापासून स्वरापर्यंत अखंड जाण्याची सोय असते. मींड, आंदोलन व कण हे त्यांचे प्राण. खाँसाहेबांच्या गळ्यातील सलग, ओढाळ स्वरलगावाचे मूळ या वाद्यसंस्कारात आहे.

सुमारे १८९४ मध्ये ते बंधूंसह बडोद्यास आले व सयाजीराव गायकवाड यांच्या दरबारी गायक म्हणून राहिले. तेथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांना ते गायन शिकवीत. दोघांनी विवाहाचा निर्णय घेतला. परंतु धर्म, जात व प्रतिष्ठा या तिन्ही दृष्टींनी तो त्या काळी अमान्य होण्यासारखा असल्यामुळे १८९८ च्या सुमारास त्यांना बडोदे सोडावे लागले. दरबारचा आश्रय एकाएकी सुटला. यापुढे खाँसाहेबांनी कोणत्याही एका संस्थानिकाची कायमची नोकरी पतकरली नाही.

मिरजेतील आगमन : मुंबईनंतर हे दांपत्य मिरजेस आले. मिरजेतील ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांच्या दर्ग्यात गायनसेवा केल्याने खाँसाहेब गंभीर आजारातून बरे झाले, अशी परंपरागत आख्यायिका आहे. दर्ग्यावरील त्यांची निष्ठा आमरण टिकली. मिरज निवडण्यास लौकिक कारणेही पुष्कळ होती. पटवर्धनांच्या या संस्थानात संगीताला आश्रय होता. ग्वाल्हेर परंपरेचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी येथेच विष्णु दिगंबर पलुसकर यांना घडविले होते. पलुसकरांनी १८९६ मध्ये मिरज सोडून उत्तरेची वाट धरली व १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले. म्हणजे ज्या काळात मिरजेचा एक गायक उत्तरेस जाऊन तेथे रुजला, साधारण त्याच काळात उत्तरेचा एक गायक मिरजेस येऊन स्थिरावला. शिवाय पुणे–मिरज–बेळगाव लोहमार्गामुळे एकीकडे पुणे-मुंबई आणि दुसरीकडे धारवाड, हुबळी व म्हैसूर ही दोन्ही क्षेत्रे मिरजेहून आवाक्यात आली होती. खाँसाहेबांची पुढील कारकीर्द या लोहमार्गाच्या दोन्ही टोकांकडे विस्तारत गेली.

मिरजेजवळील कुरुंदवाड येथे ग्वाल्हेर घराण्याचे विक्षिप्त पण अलौकिक गायक रहिमतखाँ (मृत्यू १९२२) यांचे वास्तव्य होते. सर्कसचे संस्थापक विष्णुपंत छत्रे यांनी त्यांचा सांभाळ केला होता. रहिमतखाँच्या उंच पट्टीतील, आर्त व सुरेल आलापीचा ठसा अब्दुल करीमखाँ यांच्या गायनावर स्पष्टपणे उमटला, याविषयी जाणकारांत सामान्यतः एकमत आहे. एका घराण्याच्या गायकाने दुसऱ्या घराण्याच्या गायकाचे ऋण असे गाण्यातून उघडपणे दाखवावे, ही गोष्ट त्या काळच्या घराणेनिष्ठ वातावरणात लक्षणीय होती.

मिरज आणि तंबोरा : मिरजेस तंतुवाद्यनिर्मितीचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील फरीदसाहेब यांनी संस्थानिकांच्या प्रोत्साहनाने सतार व तंबोरा तयार करण्यास आरंभ केला, असे सांगितले जाते. शस्त्रांची मागणी ओसरत असता त्या कुशल हातांना हे नवे काम मिळाले. पंढरपूर भागातील कडू भोपळे आणि तुणीचे लाकूड यांपासून बनणाऱ्या मिरजेच्या तंबोऱ्यांची कीर्ती देशभर पसरली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली.

खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. घोडीची जवारी काढणे, तारेखालील दोरा नेमक्या जागी सरकविणे ही कामे ते स्वहस्ते करीत. चांगली जवारी लागलेल्या तंबोऱ्याच्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर (स्वयंभू स्वर) उमटतात. खर्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातील गांधार. तो कानाला स्पष्ट ऐकू येतो. या नादात आपला आवाज पूर्णपणे मिसळून टाकणे हे खाँसाहेबांच्या साधनेचे ध्येय होते. त्यांचा आवाज निसर्गतः बारीक व काहीसा अनुनासिक होता. तो त्यांनी जोरकस न करता तंबोऱ्याच्या नादाशी एकजीव केला आणि या मर्यादेतूनच आपली शैली सिद्ध केली.

श्रुतिविचार : भरताच्या नाट्यशास्त्रात सप्तकाचे बावीस श्रुतींत विभाजन सांगितले आहे. या श्रुती प्रत्यक्ष गायनात आढळतात काय व त्यांचे मोजमाप करता येईल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी सांगली व सातारा येथे विशेषत्वाने चर्चिला गेला. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची गुणोत्तरे निश्चित करण्याचे प्रयोग केले. या कामी त्यांना अब्दुल करीमखाँ यांच्या गळ्याचे साहाय्य लाभले. देवलांचा बावीस श्रुतींवरील इंग्रजी प्रबंध १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायखात्यातील आय. सी. एस. अधिकारी ई. क्लेमेंट्स हे त्यांच्या विचारांकडे आकृष्ट झाले. या दोघांच्या पुढाकाराने १९११ मध्ये सातारा येथे पश्चिम हिंदुस्थानची फिलहार्मॉनिक सोसायटी स्थापन झाली. भारतीय संगीतावरील क्लेमेंट्स यांचा प्रास्ताविक ग्रंथ १९१३ मध्ये लंडनहून प्रकाशित झाला.

वादाचा विषय समजण्यासाठी पियानो व हार्मोनियम यांची स्वररचना ध्यानात घेणे आवश्यक आहे. या वाद्यांत सप्तकाचे बारा अगदी समान भाग केलेले असतात. त्यामुळे कोणतीही पट्टी षड्ज मानून वाजविता येते. पाश्चात्त्य स्वरसंवादप्रधान संगीताच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. परंतु त्यासाठी बहुतेक स्वरांना आपल्या नैसर्गिक स्थानापासून थोडे ढळावे लागते. षड्जाची कंपनसंख्या सेकंदास २४० धरली, तर तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधाराशी जुळणारा शुद्ध गांधार (५:४) ३०० कंपनांचा असतो. पियानोचा गांधार सुमारे ३०२·४ येतो. शुद्ध धैवत (५:३) ४०० चा, तर पियानोचा सुमारे ४०३·६. कोमल गांधार (६:५) २८८ चा, तर पियानोचा सुमारे २८५·४. पंचमात मात्र फरक अत्यल्प, म्हणजे ३६० व ३५९·६ इतकाच आहे. आकडे लहान दिसले, तरी सतत वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर असा गांधार वाजला असता दोन्ही नादांत आघात निर्माण होतात व स्वर ‘लागत नाही’ अशी जाणीव होते. शिवाय पट्टीवर वाजणाऱ्या वाद्यात एका स्वराहून दुसऱ्यावर मींडेने जाता येत नाही.

देवल व क्लेमेंट्स यांनी यावर उपाय म्हणून बावीस श्रुतींची ‘श्रुति-हार्मोनियम’ लंडनच्या मूर अँड मूर या कारखान्याकडून तयार करविली. ती १९१६ मध्ये बडोदे येथील पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मांडण्यात आली. परंतु तेथे जमलेल्या गायकांना व शास्त्रज्ञांना ती मान्य झाली नाही. भातखंडे यांचा या श्रुतिसिद्धांतालाच विरोध होता. प्रचलित रागसंगीताच्या वर्णनास बारा स्वर पुरेसे आहेत, ही त्यांची भूमिका होती. श्रुति-हार्मोनियमचा प्रसार पुढे झाला नाही. उलट बारा स्वरांची साधी हार्मोनियम रंगभूमीवर व मैफलीत रूढ होत गेली. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली, तीही कालांतराने शिथिल झाली.

या वादात एक मूलभूत प्रश्न गुंतलेला होता. गायकाचा कान हे प्रमाण मानावयाचे की गणिताने ठरविलेले गुणोत्तर? खाँसाहेबांच्या सहकार्यामुळे देवलांच्या मांडणीला प्रत्यक्ष गायनाचा आधार मिळाला, हे खरे. परंतु गायकाचा स्वर रागानुसार, वाक्यानुसार व आरोह-अवरोहानुसार सूक्ष्म हलत असतो. नझीर जयराजभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमापनांत एकच कलावंत एकाच रागात एकच स्वर किंचित भिन्न उंचीवर घेतो, असे आढळून आले. त्यामुळे श्रुती म्हणजे कायमची खुंटी ठोकून ठेवलेली स्थाने ही कल्पना टिकण्यासारखी नाही. तथापि स्वर हा नेमका, प्रयत्नसाध्य व तंबोऱ्यात शोधावयाचा असतो, हा खाँसाहेबांचा आग्रह या निष्कर्षाने बाधित होत नाही. साताऱ्यातील व सांगलीतील प्रयोगांचे वाद्य विस्मृतीत गेले. स्वराविषयीचा हा आग्रह मात्र एका गायकीचे वैशिष्ट्य होऊन राहिला.

विद्यालय व शिष्य : खाँसाहेबांनी १९१० मध्ये बेळगाव येथे आर्य संगीत विद्यालयाची स्थापना केली. १९१३ मध्ये ते पुण्यात आले आणि नंतर मुंबईतही. येथील पद्धती गुरुकुलाची होती. शिष्य गुरुगृही राहत, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार गुरू वाहत आणि शिष्यांसह केलेल्या तिकिटांच्या जलशांतून हा खर्च भागविला जाई. दरबाराच्या जागी तिकीट काढून येणारा मध्यमवर्गीय श्रोता हा कलावंताचा आश्रयदाता होऊ लागल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण आहे. जातिधर्माचा भेद न करता मराठी व कानडी मुलांना त्यांनी विद्या दिली. घराण्याची विद्या रक्ताच्या नात्याबाहेर जाऊ न देण्याची प्रवृत्ती ज्या काळी प्रबळ होती, त्या काळी हे औदार्य विशेष होते.

त्यांच्या शिष्यांत रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२), बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, बेहरेबुवा, दशरथबुवा मुळे इ. प्रमुख होत. कपिलेश्वरी यांनी गुरूंचे विस्तृत चरित्र मराठीत लिहिले आहे. आप्तांपैकी रोशन आरा बेगम (१९१७–८२) यांनीही त्यांच्याकडे शिक्षण घेतले. त्या १९४८ मध्ये पाकिस्तानात गेल्या आणि तेथे या गायकीच्या श्रेष्ठ प्रतिनिधी ठरल्या.

कर्नाटक संगीताशी संबंध : म्हैसूरच्या दरबारात खाँसाहेबांना वारंवार निमंत्रण असे व तेथे त्यांचा ‘संगीतरत्न’ म्हणून गौरव झाला. दक्षिणेकडील प्रवासांत त्यांनी कर्नाटक पद्धतीचे आस्थेने श्रवण व अध्ययन केले. त्यागराजांची कृतीही त्यांनी ध्वनिमुद्रित केली. उत्तरेच्या गायकाने दाक्षिणात्य संगीताकडे असे जिज्ञासूपणे पाहिल्याचे हे त्या काळातील विरळ उदाहरण आहे. आभोगीसारख्या मूळच्या कर्नाटक रागाला आपल्या गायनात दिलेले स्थान आणि सरगमचा प्राचुर्याने व भावपूर्ण केलेला उपयोग ही या संपर्काची फळे मानली जातात. सरगम हे केवळ गणिती कसब न राहता आलापाचे अंग बनले.

गायकी : खाँसाहेबांच्या गायकीत स्वराला सर्वाधिक महत्त्व आहे. रागाचा एकेक स्वर क्रमाने घेऊन त्याभोवती आलापांची गुंफण करणे, षड्ज-पंचम यांसारख्या स्वरांवर दीर्घ विश्रांती घेणे, करुण व शृंगार या रसांकडे झुकणारा लगाव ही तिची लक्षणे होत. विलंबित लयीतील बढतीचा याहून अधिक संथ व तपशीलवार विस्तार त्यांचे आप्त अब्दुल वहीदखाँ यांनी केला. म्हणून किराणा घराण्याच्या जडणघडणीत या दोघांचा वाटा जोडीने सांगितला जातो. ठुमरीतही खाँसाहेबांनी स्वतंत्र मार्ग चोखाळला. पूरबकडील ठुमरीतील नखरा व शब्दविलास बाजूस सारून तिला त्यांनी जवळजवळ भक्तिगीताची आर्तता दिली. महाराष्ट्रातील श्रोत्यांना ती विशेष भावली. मराठी नाट्यपदेही त्यांनी गाइली. ‘मानापमान’ व ‘मूकनायक’ या नाटकांतील पदांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध आहेत. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हती. उच्चारांत ते जाणवते, पण पदातील भाव उणा पडत नाही.

या गायकीवर आक्षेपही घेतले गेले. बंदिशीच्या शब्दांकडे व अंतऱ्याकडे दुर्लक्ष, लयकारीचे अल्प स्थान आणि एकाच भावावस्थेत रमण्याची प्रवृत्ती हे त्यांतील मुख्य होत. ग्वाल्हेरच्या अष्टांगप्रधान किंवा आग्र्याच्या लयप्रधान गायकीशी तुलना करता हे आक्षेप निराधार म्हणता येत नाहीत. मात्र एका अंगाचा इतका सूक्ष्म विकास इतर अंगांचा काही प्रमाणात त्याग केल्यावाचून साध्य झाला नसता, हेही लक्षात घ्यावयास हवे.

त्यांचे आरंभीचे ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील, तर प्रगल्भ काळातील ओडियन कंपनीचे मुद्रण १९३४ नंतरचे आहे. सुमारे तीन मिनिटांच्या तबकडीत राग उभा करण्याची कला यांत दिसते. शुद्ध कल्याण, मारवा, बसंत, जोगिया व भैरवी यांच्या तबकड्या गाजल्या. झिंझोटीतील ठुमरीची तबकडी ऐकून गदगच्या बाल भीमसेन जोशी यांना गाण्याचा ध्यास लागला, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

कौटुंबिक जीवन : अब्दुल करीमखाँ व ताराबाई यांना पाच अपत्ये होती : सुरेशबाबू, हिराबाई, कृष्णराव, कमलाबाई व सरस्वतीबाई. हिराबाईंचा (१९०५–८९) व सरस्वतीबाईंचा (१९१३–२००६) जन्म मिरजेचा. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या. मुलांनी पित्याचे नाव न लावता माने, बडोदेकर व विवाहानंतर राणे ही आडनावे धारण केली. शेकडो श्रोत्यांपर्यंत आणि परक्या घरांतील शिष्यांपर्यंत विद्या पोहोचविणाऱ्या या गायकाच्या स्वतःच्या घरात मात्र ती खंडित होण्याचा प्रसंग आला. हिराबाईंचे पुढील शिक्षण प्रामुख्याने अब्दुल वहीदखाँ यांच्याकडे झाले. तरीही त्यांच्या गाण्यातील निर्मळ स्वर व संयत आलापी पाहता पित्याचा वारसा नावाशिवायही चालत आला, असे म्हणावे लागते. स्त्री-गायिकेने तिकिटाच्या जाहीर मैफली प्रतिष्ठेने करण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ करण्याचे श्रेय बव्हंशी हिराबाईंकडे जाते. त्यांना १९७० मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला.

अखेर व परंपरा : आयुष्याची अखेरची वर्षे खाँसाहेबांनी मिरजेस काढली. १९३७ मध्ये मद्रासचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीस निघाले असता आगगाडीत त्यांना अस्वस्थ वाटू लागले. वाटेतील सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर ते उतरले. तेथे नमाज पढून त्यांनी दरबारी रागात परमेश्वराची आळवणी केली व प्राण सोडला, असा वृत्तांत शिष्यवर्गात प्रचलित आहे. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आला.

सवाई गंधर्वांच्या द्वारे ही गायकी गंगूबाई हनगल (१९१३–२००९), फिरोज दस्तूर (१९१९–२००८) व भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांच्यापर्यंत पोहोचली आणि सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ पासून पुण्यात सुरू झालेल्या महोत्सवामुळे बहुजनांत गेली. ज्या मिरजेत ही गायकी परिपक्व झाली, ती १९४९ मध्ये नव्याने बनलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाली. त्या जिल्ह्याचे १९६० मध्ये सांगली असे नामांतर झाले. मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दर्ग्याच्या आवारात संगीतसभा भरविण्याची प्रथा असून, तेथे हिंदू व मुसलमान कलावंत दीर्घकाळ विनामूल्य हजेरी लावीत आले आहेत.